परांचीची क्रॉस ब्रेस व तिची खिटी : भाविकांसाठी व विश्वस्त सभासदांसाठी थोडी माहिती

॥ श्री ॥



श्रींच्या मंदिराच्या शिखराची गिलाव्याची दुरुस्ती व रंगकाम लवकरच हाती घेण्यात येत आहे. या कामाकरिता शिखराभोवती लोखंडी चौकटींची परांची उभारण्यात येईल आणि काम पूर्ण होईपर्यंत प्रदक्षिणामार्गाचा काही भाग बंद राहील, अशी सूचना फलकावर लावण्यात आली आहे. ती वाचून अनेक भाविकांनी कार्यालयात येऊन विचारणा केली की, परांचीच्या खालून वाट का ठेवता येत नाही? खालच्या दोन तिरप्या नळ्या तेवढ्या काढल्या म्हणजे माणूस सहज जाऊ शकेल, त्यात अडचण ती कोणती?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात दिले असता हुकूम दिल्यासारखे वाटेल आणि श्रद्धेने प्रदक्षिणा घालणाऱ्यास नुसत्या हुकमाने थांबविणे आम्हांस योग्य वाटत नाही. यास्तव परांची कशी उभी राहते, त्या तिरप्या नळ्यांचे कार्य काय आणि त्या चौकटीस पक्क्या कशा जोडतात, याची माहिती येथे देत आहोत. आमचे शिक्षण वाङ्मयाचे. हे ज्ञान आम्हांस ग्रंथांतून प्रथम मिळाले नाही, ते एका चुकीतून मिळाले. ती चूकही पुढे सांगितली आहे.

परांचीचा मान

मराठीत जिला आपण परांची किंवा पहाड म्हणतो तिला आपल्या शहरातील तेलुगू गवंडी ‘परंजा’ म्हणतात. शब्दांचे हे साम्य पाहून कोणासही कौतुक वाटेल. काम संपले की परांची उतरविली जाते आणि तिचे कोणास स्मरणही राहत नाही. तथापि हैदराबादेत तिला मान देणारी एक प्रथा आहे. खैरताबाद येथे १९५४ साली सिंगरी शंकरय्या यांनी एक फुटाच्या मूर्तीने सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला. मूर्तीची उंची वर्षानुवर्षे वाढत २०१४ साली ६० फुटांस पोहोचली. २०२० साली महामारीमुळे ती ९ फुटांवर आली आणि २०२४ साली, उत्सवाच्या सत्तराव्या वर्षी, मातीची ७० फुटांची मूर्ती घडविण्यात आली. या मूर्तीच्या कामाचा आरंभ निर्जला एकादशीस ‘कर्रपूजे’ने होतो. ‘कर्र’ म्हणजे तेलुगूत काठी, वासा. मूर्तीच्या आधी लाकडाची पूजा होते. ज्याच्या आधाराने काम उभे राहावयाचे त्यास प्रथम नमस्कार, हा त्यातील भाव आम्हांस फार मोलाचा वाटतो.

जुन्या वास्तूंच्या बाबतीतही हेच. मे २०१९ मध्ये चारमिनारच्या एका मिनाराच्या चुनेगच्ची नक्षीचा तुकडा निखळून खाली पडला. १५९१ सालच्या या वास्तूची दुरुस्ती करावयाची तर कारागिरास त्या उंचीवर दोन्ही हात मोकळे ठेवून उभे राहता आले पाहिजे. कुतुबशाही घुमटांच्या जीर्णोद्धाराचे काम २०१३ पासून दहा वर्षांहून अधिक काळ चालले. तेथेही घुमटाच्या पोटापर्यंत माणूस पोहोचला तो परांचीवरूनच. काम कितीही पवित्र वा प्राचीन असो, ते अखेर एका फळीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातून होत असते.

चौकट, नळी व खुंटी

पूर्वी सुरूचे वासे व बांबू दोरीने आवळून पहाड बांधीत. गाठ मारणाऱ्याच्या हातातच सर्व कौशल्य असे. आता बहुतेक ठिकाणी भाड्याने मिळणाऱ्या तयार चौकटी वापरतात. त्यांना बाजारात ‘एच फ्रेम’ म्हणतात. दोन उभ्या नळ्या व त्यांना वितळजोडाने जोडलेली आडवी नळी मिळून एक चौकट होते. तिची रुंदी साधारणतः सव्वा मीटर व उंची दोन मीटरच्या आसपास असते. खाली पायाशी उंची कमीजास्त करता येणारा जॅक, एका चौकटीवर दुसरी चौकट बसविण्यासाठी जोडपिन, उभे राहण्यासाठी फळ्या आणि दोन चौकटींना परस्परांशी बांधणारी क्रॉस ब्रेस, एवढेच तिचे मुख्य भाग होत.

क्रॉस ब्रेस म्हणजे मध्यभागी रिव्हेटने जोडलेल्या दोन बारीक नळ्या. कात्रीप्रमाणे त्या उघडतात व मिटतात. त्यांची चारही टोके चपटी करून त्यांत भोक पाडलेले असते. चौकटीच्या प्रत्येक उभ्या नळीवर वर एक व खाली एक अशा लहान खुंट्या असतात. भोक खुंटीत बसवावयाचे व ते बाहेर निसटू नये म्हणून खुंटीची खिटी लावावयाची, एवढीच ही जोडणी आहे. दोन चौकटींच्या एका कप्प्यास पुढून एक व मागून एक अशा दोन क्रॉस ब्रेस लागतात. प्रत्येकीची चार टोके, म्हणजे एका कप्प्यास आठ खिट्या. शिखराच्या एका बाजूस चार कप्पे व पाच थर धरले तर वीस कप्पे होतात आणि खिट्यांची संख्या १६० भरते. या १६० पैकी एकही वगळण्याजोगी नाही, हे या लेखाचे सार आहे.

चौकोन लवतो, त्रिकोण लवत नाही

हे का, ते घरी करून पाहता येते. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या घ्याव्यात व चार कोपऱ्यांत टाचण्या टोचून चौकोन करावा. एका बाजूस बोटाने ढकलताच तो कलतो व शेवटी मिटून सपाट होतो. एकही पट्टी मोडलेली नसते, तरी आकृती कोसळलेली असते. आता समोरासमोरच्या कोपऱ्यांत पाचवी पट्टी तिरपी जोडावी. चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि तो जागचा हलत नाही. त्रिकोणाच्या तीन बाजूंची लांबी बदलल्यावाचून त्याचा आकार बदलू शकत नाही. जुन्या वाड्यांच्या फळ्यांच्या दारांस मागून तिरपी पट्टी ठोकलेली असते, ती याच कारणास्तव.

एच फ्रेम स्वतःच्या रुंदीच्या दिशेने मजबूत असते, कारण तेथे लोखंड वितळवून जोडलेले आहे. परंतु भिंतीच्या लांबीच्या दिशेने एकापुढे एक उभ्या केलेल्या चौकटी म्हणजे फडताळात आधाराशिवाय उभी केलेली पुस्तके होत. एक कलले की सर्व कलतात. त्या दिशेने त्यांना सावरणारी वस्तू एकच, ती म्हणजे क्रॉस ब्रेस.

तिचे दुसरेही कार्य आहे आणि ते डोळ्यांस दिसत नाही. उभ्या नळीवर भार आला की ती बाजूस वाकू पाहते. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७४४ साली दाखवून दिले की, सडपातळ खांब वाकण्यापूर्वी किती भार पेलेल हे त्याच्या मोकळ्या लांबीच्या वर्गावर अवलंबून असते. मोकळी लांबी दुप्पट झाली की ही शक्ती निम्मी न राहता चौथाई राहते. क्रॉस ब्रेस नळीस ठरावीक अंतरावर धरून ठेवते व तिची मोकळी लांबी आखूड राखते. ती काढणाऱ्यास वाटते की आपण एक तिरपी नळी काढली, वस्तुतः तो उभ्या नळीचे बळ काढून घेत असतो. आणि सर्वांत खालच्या थरावर वरच्या सर्व थरांचा भार असल्याने तेथे हे नुकसान सर्वाधिक होते. वाट करून देण्यासाठी जी क्रॉस ब्रेस काढावी असे वाटते, ती नेमकी हीच खालची असते.

खिटीचे प्रकार

खिट्या अनेक तऱ्हेच्या असतात. एका प्रकारात खुंटीच्या टोकाशी एक लहान पाते बसविलेले असते. ते खुंटीच्या रेषेत धरले की भोक आत जाते आणि सोडले की स्वतःच्या वजनाने आडवे पडून वाट बंद करते. दुसऱ्यात स्प्रिंगचे बटण असते. ते दाबले असता आत जाते व नळी बसताच बाहेर येते. तिसऱ्या, जुन्या प्रकारात खुंटीस आटे पाडलेले असतात व त्यावर हाताने फिरवावयाचा पंखाचा नट असतो.

प्रत्येकाचा रोग निराळा आहे. पडणारे पाते गंजाने, रंगाने वा वाळलेल्या सिमेंटने अडकून बसते. दुरून ते बंद दिसते, पण खरे तर उघडेच राहिलेले असते. स्प्रिंग मरते व बटण आतच राहते. नट हरवतो, आणि मग त्याच्या जागी बाइंडिंगची तार किंवा वाकविलेला खिळा येतो. तार ताणली की सैल होते, खिळा हादऱ्याने सरकतो. ज्या चौकटीची खिटी चालत नाही ती चौकट बाजूस काढून परत पाठवावी. तारेने बांधलेली खिटी ही खिटी नव्हे, असे आम्ही आता ठरवून टाकले आहे.

जोडणीचा क्रम

अनुभवी मेस्त्री परांची लावताना जो क्रम पाळतात, तो सामान्य वाचकास समजेल असा देत आहोत. तो समजला म्हणून कोणीही स्वतः परांची लावू नये. मात्र पाहणाऱ्यास काय पाहावे हे कळावे.

१) पाया : प्रत्येक जॅकखाली रुंद व जाड फळी असावी. विटांचे तुकडे वा फरशीचे कपचे मुळीच नसावेत. जमीन भरावाची असल्यास आधी ठोकून घ्यावी.

२) पहिली क्रॉस ब्रेस : एका माणसाने पहिली चौकट उभी धरावी. दुसऱ्याने क्रॉस ब्रेसची दोन टोके तिच्या खुंट्यांत बसवून लगेच खिट्या लावाव्यात. मग दुसरी चौकट आणून उरलेली दोन टोके तिच्यात बसवावीत व त्याही खिट्या लावाव्यात. त्यानंतर दुसऱ्या बाजूची क्रॉस ब्रेस. सर्व टोके बसवून घेऊ, खिट्या मागाहून लावू, असे म्हणू नये. मागाहून ते राहून जाते.

३) सरळपणा : पाणसळ आडव्या नळीवर व ओळंबा उभ्या नळीस लावून जॅक फिरवून चौकट समतल करावी. क्रॉस ब्रेसची लांबी अशी ठरविलेली असते की ती नीट बसली म्हणजे चौकटी आपोआप काटकोनात येतात. यातूनच एक मोठी खूण मिळते. भोक खुंटीशी जुळत नसेल तर हातोड्याने ठोकून बसवू नये. ही तक्रार खिटीची नसून पायाची आहे. कोठेतरी एक पाय वर वा खाली आहे, किंवा दुसऱ्या मापाची नळी मिसळली गेली आहे. ठोकल्याने भोक लंबगोल होते, खुंटी वाकते आणि दोष तसाच राहून वर चढत जातो.

४) ओढून पाहणे : प्रत्येक टोक हाताने धरून खुंटीवरून बाहेर ओढून पाहावे. ते निघता कामा नये. डोळ्यांनी पाहणे पुरेसे नाही, कारण अडकलेले पाते डोळ्यांस फसविते.

५) पुढील थर : खालचा थर संपूर्ण जोडून झाल्यावरच वरच्या चौकटी जोडपिनेने बसवाव्यात आणि बसविताच त्यांच्याही क्रॉस ब्रेस लावाव्यात. क्रॉस ब्रेस नसलेली चौकट घटकाभरही उभी ठेवू नये.

६) भिंतीचा आधार : अमेरिकेतील नियमांप्रमाणे परांचीची उंची पायाच्या अरुंद बाजूच्या चौपटीहून अधिक झाली की ती कलू नये म्हणून इमारतीस बांधावी लागते. सव्वा मीटर रुंदीस ही मर्यादा पाच मीटरच्या आत-बाहेर येते, म्हणजे तिसऱ्या थरापासून बांधणे आवश्यक. शिखरावरील मूर्तींस, कलशास वा नक्षीस दोर बांधू नये. गवाक्षातून आडवी नळी घालून, दगडास गोणपाटाची गादी देऊन आधार घ्यावा. क्रॉस ब्रेस चौकटींना परस्परांशी धरते, ती परांचीस इमारतीशी धरीत नाही. दोन्ही लागतात.

७) उतरविणे : वरून खाली, थराथराने. खालची क्रॉस ब्रेस आधी काढून ठेवण्याची घाई करू नये.

याखेरीज दोन गोष्टी. क्रॉस ब्रेस म्हणजे शिडी नव्हे. तिच्यावर पाय देऊन चढल्याने बारीक नळी वाकते व खुंटीवर भलत्याच दिशेने भार येतो. चढण्यासाठी वेगळी शिडी असावी. तसेच ती पुरेसा कठडाही नव्हे. तिच्या फुलीचा मध्य फार तर एका कठड्याचे काम करील, वरचा व मधला असे दोन्ही कठडे त्यातून साधत नाहीत.

मागील खेपेचा अनुभव

आता आमची चूक. मागील खेपेस शिखराचे काम चालू असता प्रदक्षिणेस अडथळा होतो अशी तक्रार आली. ठेकेदाराच्या माणसास बोलावून ‘खालच्या दोन नळ्या काढा, वाट करून द्या’ असे सांगितले ते आम्हीच. तो म्हणाला, “साहेब, काढू नये.” आम्ही म्हणालो, “दोनच तर आहेत.” त्याने काढल्या. त्या जागी झेंडूची माळ लावून आम्ही वाट सुशोभितही केली.

उन्हाळ्याचे दिवस होते. चैत्र-वैशाखात हैदराबादेस दुपारनंतर अकस्मात वावटळ सुटते, हे आपण सर्व जाणतोच. परांचीस धूळ अडविण्याचे हिरवे कापड लावलेले होते, ते शिडासारखे फुगले. वर तीन रंगारी होते. संपूर्ण परांची भिंतीच्या लांबीच्या दिशेने कलली, थांबली व पुन्हा सरळ झाली. हे सर्व दोन श्वासांत झाले. वरून एक जण ओरडला, ती हाक अद्याप आमच्या कानांत आहे. खाली वाटेवर त्या क्षणी दोन वृद्ध भगिनी व एक लहान मूल होते.

श्रींच्या कृपेने कोणास इजा झाली नाही. काम थांबविले. दुसऱ्या दिवशी मेस्त्रीने आम्हांस बोलावून खालच्या उघड्या कप्प्याच्या शेजारील खुंट्या दाखविल्या. दोन वाकल्या होत्या. काढलेल्या क्रॉस ब्रेसचा भार त्यांनी आपल्या अंगावर घेतला होता. त्यांच्या खिट्या कोणा अनामिक कामगाराने नीट लावल्या होत्या, म्हणूनच टोके निसटली नाहीत. त्या माणसाचे नावही आम्हांस ठाऊक नाही. आपल्या शहरातील असे कामगार बहुधा पालमूरकडून वा परराज्यांतून येतात, काम संपले की जातात. त्या दिवशी तीन रंगाऱ्यांचे व खालच्या तिघांचे प्राण त्याच्या दोन खिट्यांनी राखले, आणि संकट ओढवून आणले होते ते आमच्या सद्हेतूने.

तपासणी कोणी करावी

भारतीय मानक संस्थेने (आजचे भारतीय मानक ब्युरो) १९६४ साली पोलादी परांचीसाठी आय. एस. २७५० हे मानक काढले. परांची व शिड्यांच्या सुरक्षिततेची संहिता आय. एस. ३६९६ चा पहिला भाग म्हणून १९८७ साली सुधारून प्रसिद्ध झाली. अमेरिकेत प्रत्येक पाळीपूर्वी जाणकाराने परांची तपासावी असा नियम आहे. ब्रिटनच्या २००५ सालच्या नियमांत सात दिवसांची मर्यादा घातली आहे. नियम भरपूर आहेत. परंतु खिटीपाशी नियम जात नाही, तेथे माणसाचा हात जावा लागतो.

यास्तव या खेपेस पुढील व्यवस्था ठरविण्यात आली आहे.

अ) करारपत्रात सर्व चौकटी व क्रॉस ब्रेस एकाच मापाच्या असाव्यात, आणि वाकलेली नळी, चिरलेले चपटे टोक, लंबगोल भोक वा न चालणारी खिटी आढळल्यास तो भाग त्याच दिवशी बदलावा, अशी अट घातली आहे.

आ) रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी मेस्त्री प्रत्येक खिटी हाताने ओढून पाहील. त्याच्यासमवेत विश्वस्त मंडळाचा एक सभासद खाली उभा राहील व वहीत सही करील. वादळ वा पाऊस झाल्यास पुन्हा तपासणी होईल.

इ) कोणतीही क्रॉस ब्रेस काढण्याचा अधिकार मेस्त्रीखेरीज कोणास नाही. कार्यवाहांस नाही, अध्यक्षांसही नाही. मेस्त्रीने ‘काढू नये’ म्हटले म्हणजे तो शब्द अंतिम.

ई) परांचीखालून वाट राहणार नाही. त्या दिवसांत सभामंडपातून आतल्या आत प्रदक्षिणा घालण्याची सोय करण्यात येत आहे. वृद्ध व अपंग भाविकांसाठी स्वयंसेवक उपस्थित राहतील.

नम्र विनंती

भाविकजनांस आमची प्रार्थना एवढीच की, काही दिवस प्रदक्षिणेचा मार्ग आखूड झाला तरी श्रद्धा आखूड होत नाही, हे ध्यानी घेऊन सहकार्य करावे. परांचीस कापडी फलक, तोरणे वा ध्वनिक्षेपक बांधू नयेत. मुलांना नळ्यांशी खेळू देऊ नये. आणि एखादी तिरपी नळी सुटून लोंबताना दिसली तर आपण स्वतः हात न लावता तत्काळ कार्यालयात कळवावे. तक्रार म्हणून आम्ही ती घेणार नाही, ती सेवा समजू.

काम पूर्ण होईल, परांची उतरेल आणि नवा कलश उन्हात झळकेल, तेव्हा आपण सर्व मान वर करून पाहू. त्या आधीच्या दिवसांत मात्र कधी मंदिरात येताना क्षणभर खाली पाहावे. दोन मीटर उंचीच्या चौकटीवर, अंगठ्याएवढ्या खुंटीवर, बोटाच्या पेराएवढी एक खिटी आडवी पडलेली दिसेल. वर काम करणाऱ्याच्या घरी कोणी त्याची संध्याकाळी वाट पाहत असते, आणि त्याचे घरी परतणे त्या खिटीवर अवलंबून असते.

आपला नम्र,
कार्यवाह
(विश्वस्त मंडळाच्या वतीने)
हैदराबाद